दिवसातून एकदाच जेवणारी झुराकान

झुराकान जाडी आहे, हे आमच्या साज-तेरेक गावात कुणी नाक मुरडून म्हणत नसे. ती होतीच तशी. दारातून आत आली की घर भरल्यासारखं वाटायचं. विजेच्या मीटरचे आकडे घ्यायचं काम तिच्याकडे होतं आणि खोऱ्यातली चार गावं तिच्या पायाखालची होती. खांद्याला कातडी पिशवी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात नवऱ्याचे जुने बूट. वीज कापायला दुसरा माणूस यायचा, त्याच्यावर कुत्री सोडायचे लोक. झुराकान नुसते आकडे घ्यायची आणि बदल्यात चार गावांच्या बातम्या द्यायची, म्हणून तिची वाट बघितली जायची.

तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार काही नाही, आणि जे आहे ते सगळं मेलिसपाशी येऊन थांबतं. मेलिस तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नुकता पाऊल टाकायला लागला होता आणि ही शाळेत होती. बाप मेंढरांमागे, उन्हाळाभर वरच्या कुरणात. मग काय, पोराला पाठीशी बांधून हिनं घर सांभाळलं, गाई पिळल्या, आणि त्याच्यापायी दोन स्थळं परत पाठवली. तिसरा शेरमात. त्यानं कसली अट घातली नाही. उलट लग्न करून निघाला तेव्हा पाच-सहा वर्षांच्या मेलिसला घोड्यावर आपल्या पुढ्यात बसवून घेऊन आला. त्या एका गोष्टीवर मी याच्या बाकीच्या सगळ्या खोडी जन्मभर पोटात घातल्या, असं झुराकान स्वतःच सांगते.

हा मेलिस मोठा झाला, राजधानीत बिश्केकला गेला, ट्रॉलीबस चालवायला लागला, जिपारा नावाच्या मुलीशी लग्न केलं, दोन पोरी झाल्या. आणि ऐन चाळिशीत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून रक्त धुवून घ्यायचं. माणूस बघता बघता पिवळा पडला, हाताची शीर दोरखंडासारखी फुगली. झुराकान बिश्केकला गेली, त्याला एकदा बघितलं आणि तडक डॉक्टरपुढे जाऊन बसली. माझी घ्या म्हणाली.

तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. झुराकान खुर्चीतून उठून बाह्या सारायच्या तयारीत होती म्हणा ना, तेवढ्यात डॉक्टरनं तिला तराजूवर उभं केलं. काटा शंभराच्या पुढे गेला. डॉक्टर तरुण होता, आपल्याकडचाच, नारीनचा. त्यानं सरळ सांगितलं की एवढ्या वजनाच्या बाईला मी टेबलावर घेणार नाही. घेतलं तर दोघंही हातची जातील. वसंतापर्यंत पंधरा किलो उतरवून या, तोवर हा तग धरेल. त्यापुढचं आपण काही सांगू शकत नाही.

झुराकानला हा धक्काच होता. जन्मभर जे अंग कुणाच्या वाटेत आलं नव्हतं, ते नेमकं भावाच्या आणि तिच्या मधे उभं राहिलं. आणि वर मेलिसनं तिच्याकडून वचन घेतलं की गावात एका अक्षरानंही बोलायचं नाही. मला गावाच्या तोंडी देऊ नकोस एजे, म्हणाला. एजे म्हणजे ताई. तो एवढंच म्हणाला आणि हिनं मान डोलावली. नाही तरी त्याला कधी कशाला नाही म्हटलं होतं तिनं?

गावात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक शेरमात, आणि दुसरी दवाखान्यातली नर्स अनारकुल, कारण तराजू तिच्याकडे होता. अनारकुलनं तिला समजावलं की प्रत्येक जेवणात थोडं थोडं कमी कर. झुराकाननं ते उडवून लावलं. अर्धं ताट पुढ्यात ठेवून उठणं आपल्याला जमायचं नाही, ते आपल्या रक्तात नाही. त्यापेक्षा आपण खाणारच नाही. सकाळचं बंद, दुपारचं बंद. रात्री एकदा खायचं, बस. तीन जेवणांचं एक केलं की अंग तीन वाट्यांतलं एक उरेल, असा तिचा साधा हिशोब. हिवाळ्यात मेंढराला वैरण कमी पडली की ते वाळतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

आणि बाईनं पाळलं हो. पाळलं नाही असं कुणी म्हणू नये. सकाळी शेरमात तिच्यासमोर सायीत बुडवून नान खायचा, ही नुसता काळा चहा पिऊन पिशवी उचलायची. कुणाच्या घरी दुपारी मांसाचा रस्सा पुढे आला तर पोट बरं नाही सांगायची, आल्यागेल्याची रीत म्हणून नानला तोंड लावायची आणि उठायची. अनारकुल म्हणाली, रोजा आहे असं सांगून टाक, कुणी आग्रहच करणार नाही. झुराकान तिच्यावर उखडली. ज्याच्याकडे भावाचा जीव मागतेय, त्याच्याच नावानं खोटं बोलू? रात्री मात्र शेरमात तिच्यासाठी मन लावून रांधायचा. दिवसभर उपाशी बाई, म्हणून शेवयांवर मांस, मांसावर चरबी, आणि ते घसरायला वाडगाभर रस्सा. तीही दिवसभराचा उपास आठवून मोकळ्या मनानं जेवायची.

महिन्यानं ती दवाखान्यात गेली. बूट काढले, रुमाल काढला, कानातल्या रिंगासुद्धा काढून अनारकुलच्या हातात दिल्या. तराजूवर चढली. अनारकुलनं लोखंडी वजन सरकवलं, परत सरकवलं, आणि दांडीकडे बघतच राहिली. वजन तीन किलोनं वाढलं होतं.

अनारकुलनं तराजूच खराब ठरवला. पिठाचं पोतं आणून ठेवलं, बरोबर भरलं. शेरमातला बोलावून उभा केला, तोही जेवढा असायला हवा तेवढाच. झुराकान बाकावर बसून आपल्या हातांकडे बघत होती. महिनाभर उपाशी राहून माणूस फुगतो, हे तिनं कुठे ऐकलं नव्हतं. आपल्या आत काही भलतंच तर वाढत नाही ना, अशीही भीती तिला वाटली. अनारकुलनं पोट दाबून बघितलं, रक्त बिश्केकला पाठवलं. काही निघालं नाही. बाई ठणठणीत.

मग तिनं आणखी आवळलं. रात्रीचं जेवणही दिवसाआड केलं. चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला, रात्री झोप लागेना. पुढच्या महिन्यात काटा जागचा हलला नाही. बाहेर बर्फ पडायला लागला होता. मेलिसला एकदा मशीनवरच भोवळ आली होती, आणि जिपारानं फोन केला.

ही जिपारा म्हणजे तोंडानं फटकळ. पण वाईट नाही. नवरा डोळ्यांसमोर विझत चाललेली बाई होती ती, तिला गोड बोलायला कुठून सुचणार? तिनं वजन विचारलं. झुराकाननं खरं ते सांगितलं.

"एजे, द्यायची नसेल तर द्यायची नाही म्हणा," जिपारा म्हणाली. "मी तुमच्या पाया पडून दुसरीकडे बघेन. पण उपास करते म्हणायचं आणि मागच्या दारानं खायचं, हे माझ्या नवऱ्याच्या जिवाशी नका करू."

फोन बंद झाला. झुराकान कितीतरी वेळ तो कानाशी धरून उभी होती. ज्याला पाठीवर वाढवला, त्याच्यासाठी आपण चोरून खातो? हे शब्द कुणाच्या तोंडून निघू शकतात, यावर तिचा विश्वास बसेना. ती शेरमातकडे वळली आणि म्हणाली, "तूच सांग, मी चोरून खाते?" आणि शेरमातनं उत्तर द्यायला एक क्षण जास्त घेतला. नाही म्हणाला, पण तो क्षण गेलाच मधे. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं असा क्षण कधी घेतला नव्हता. त्या रात्री तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि उशीत तोंड खुपसून रडली.

चार दिवसांनी जिपारा दारात उभी. निमित्त बटाट्यांचं. शहरात महाग झालेत, एक पोतं नेते, म्हणाली. बटाट्यांसाठी कुणी बर्फातून घाट ओलांडून येतं का? झुराकानला कळायचं ते कळलं. तिनं चहा दिला, बिछाना घातला, आणि सकाळी पिशवी खांद्याला लावताना म्हणाली, "चल माझ्याबरोबर. बघायलाच आलीयस ना, नीट बघ."

जिपारा लाल झाली, पण निघाली.

त्या दिवशी वरच्या आळीची पाळी होती. झुराकान मीटरशी उभी राहून आकडा टिपायची तोवर घरची बाई दारात यायची. अगं, अशीच कशी जातेस, नानचा तुकडा मोडून जा. आमच्याकडे हे म्हणावंच लागत नाही, तोंडातून आपोआप येतं. भांडायला आलेला माणूसही आधी तुकडा मोडतो आणि मग भांडतो. दोघी उंबऱ्याच्या आत जायच्या. भट्टीतला गरम नान, शेजारी सायीची वाटी, नाहीतर पिवळं लोणी, नाहीतर जर्दाळूचा मुरंबा. कोरडा तुकडा कोण मोडतो? एक तुकडा, तो सायीत, आणि तोंड पुसत पुढच्या दारी. एका घरी बोरसोक, कणकेचे छोटे गोळे, तळत होते, ते मूठभर हातात आले. एका घरी नातवाचं जावळ काढलं होतं, तिथे तुकड्याबरोबर चरबीचा तुकडाही आला, कारण आनंदाच्या घरातून नुसत्या नानवर उठलं तर पोराला दृष्ट लागते. जिपारा शहरातली सून, आजारी नवऱ्याची म्हणून नव्हे, ते कुणाला ठाऊकच नव्हतं, नुसती गावची सून म्हणून तिला दुप्पट आग्रह. तीही प्रत्येक ठिकाणी मोडत गेली. जेवली मात्र कुठेच नाही. झुराकाननं दोन ठिकाणी रस्सा नाकारला, ते तिनं डोळ्यांनी बघितलं, आणि मनातून ती शरमायला लागली होती. बाई खरंच काही खात नव्हती.

संध्याकाळी परतल्या. शेरमातनं मेहुण्याची बायको आली म्हणून मोठं ताट लावलं होतं. झुराकान हात धुऊन बसली, कारण आज तिची जेवायची रात्र होती. जिपारा बसली, चमचा उचलला आणि परत ठेवला. शेरमातनं आग्रह केला. तिनं परत चमचा उचलला आणि परत ठेवला.

"मला जात नाही," ती म्हणाली.

"सकाळपासून उपाशी आहेस की," झुराकान म्हणाली.

"उपाशी आहे खरी." जिपाराचा आवाज चमत्कारिक झाला होता. "पण एजे, माझं पोट भरलंय. गळ्यापर्यंत भरलंय. मी खाल्लं कुठे?"

जिपारा झुराकानच्या तोंडाकडे बघत होती आणि झुराकान तिच्या. मग जिपारा हळूच म्हणाली, "जिथे तुम्ही रोज खाता, तिथेच."

झुराकान आधी भडकली. नानचा तुकडा मोडणं हे खाणं आहे का? असं आयुष्यात कुणी ऐकलंय का? उद्या म्हणशील श्वास घेतला तेही खाणं. आणि एवढं बोलून ती अचानक थांबली. दस्तरखानावर, जेवायच्या कापडावर, पडलेला अख्खा नान तिनं पुढे ओढला आणि मोडायला लागली. तोंडानं घरांची नावं घेत होती. हा कालिमाचा. हा तिच्या जावेचा. हा कोपऱ्यावरच्या सुताराचा. प्रत्येक तुकडा जेवढा मोडला होता तेवढा, ना कमी ना जास्त. तो नान संपला. शेरमातनं दुसरा पुढे केला. तोही संपला, आणि वरची आळी अजून निम्मी राहिली होती. जिपारानं सायीचा वाडगा आणून ठेवला, एकेका तुकड्यामागे एक चमचा काढून वेगळ्या वाटीत टाकला. वाटी भरून सांडायला लागली तेव्हा झुराकाननं हात आवरला.

दस्तरखानावर तुकड्यांचा ढीग होता. सगळं तिच्या पोटात एका दिवसात जात होतं, रोज जात होतं, आणि त्यावर रात्री शेरमातचं ताट. तीन जेवणांतली दोन सोडून तिनं एक ठेवलं असं ती समजत होती. तिच्या पोटाला तर दिवसभर कुणी सुट्टीच दिली नव्हती. ती कानशिलं धरून बसली. दोन महिने. मेलिसचे दोन महिने तिनं नान-सायीत बुडवले होते, आणि वर स्वतःला उपाशी समजत होती. शेरमात तिच्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. जिपारा त्या ढिगापलीकडे बसून रडत होती आणि सारखी एकच गोष्ट म्हणत होती, मी तुम्हाला चोर म्हणाले.

कळलं ते बरं झालं, पण पुढे करायचं काय? दुसऱ्या दिवशी झुराकाननं नाही म्हणून बघितलं. पहिल्याच घरी बाईचा चेहरा उतरला. आमचं काही चुकलं का? दुसरीनं विचारलं, माझ्या सासूनं तुझ्या कानात काही भरलं का? तिसरीकडे तिनं चिमणीच्या चोचीएवढा कण मोडला, तर तिथला म्हातारा म्हणाला की हे तोंड लावणं नाही, ही थट्टा आहे. दुपारपर्यंत वरच्या आळीत झालं की झुराकानला गर्व चढला. संध्याकाळी खालच्या आळीत झालं की तिला काहीतरी लागण झालीय आणि ती आपल्या भांड्यांपासून लांब राहते. लोकांची तोंडं कोण धरणार? आठवड्यात तिच्याशी नीट बोलणारं कुणी उरलं नाही. आणि एवढं करून नाही म्हणायला जीभच रेटायची नाही तिची. निम्म्या घरी ती परत मोडून यायची आणि वाटेत स्वतःला शिव्या द्यायची.

शेवटी तिनं मेलिसला दिलेलं वचन मोडलं. जिवंत राहिलास तर राग धर, म्हणाली मनात.

बातमा आपांच्या घरी तेव्हा बायका नमदा, लोकरीचा जाड गालिचा, लाटायला जमल्या होत्या. बातमा आपा म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी, आणि नानच्या बाबतीत सगळ्यात कडक. त्यांच्या घरून नान न मोडता गेलेला माणूस गावात शोधून सापडला नसता. लढाईच्या दिवसांत, लहान असताना, कोंड्याची भाकर निम्मी करून त्या वाटसरूला देत, असं त्या सांगत, आणि त्यांच्यापुढे कुणी तुकडा खाली सांडला तर तो उचलून कपाळाला लावत. झुराकान तिथे गेली, ओल्या लोकरीवर सगळ्या वाकल्या होत्या, आणि तिनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मेलिसच्या किडन्या, आपली किडनी, पंधरा किलो, वसंत, उपास, आणि तो ढीग.

बायकांचे हात लोकरीवरच थांबले. कालिमानं तोंडावर हात ठेवला. आपण रोज, आपल्या हातानं, आग्रह करकरून मेलिसची वाट अडवत होतो, हे एकेकीच्या डोक्यात शिरायला वेळ लागला आणि शिरलं तेव्हा कुणाच्यानं वर बघवेना. मग एकीनं म्हटलं की आजपासून झुराकानला कुणी नान विचारायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ. दुसरीनं घेतली, तिसरीनं घेतली. बातमा आपांनी तेवढी शपथ घेतली नाही. त्या उठल्या आणि आत गेल्या.

पुढचे महिने झुराकान विसरणार नाही. दाराशी जायची, बाई मीटर दाखवायची, हवापाण्याचं बोलायची आणि गप्प व्हायची. ओठापर्यंत आलेलं वाक्य गिळताना दिसायची. काही जणी खाली बघत. एका तरुण सुनेला ते इतकं जड गेलं की झुराकान वळताच ती दार लावून हुंदके द्यायला लागली, आणि झुराकान बाहेर बर्फात ते ऐकत उभी राहिली. भट्टीचा वास सगळीकडे येत होता. विधवेच्या घरी, वैऱ्याच्या घरीही जे मिळतं, ते तिला चार गावांत कुठे मिळत नव्हतं. आपण मेलोच आहोत आणि आपलं भूत आकडे घेत फिरतंय, असं वाटायचं, हे तिनं नंतर अनारकुलला सांगितलं.

घरी मात्र ती आता तिन्ही वेळा जेवत होती. अनारकुल म्हणाली होती तसं, थोडं थोडं; सकाळी एक तुकडा, दुपारी पिशवीतलं अंडं आणि सलगम, रात्री छोटा वाडगा. अर्धं ताट ठेवून उठायचं तिला जमलं. रोज तीनदा जेवून बाई उतरायला लागली. पहिल्या महिन्यात उतरली, दुसऱ्यात उतरली. शेरमातच्या जुन्या बुटांना आतून फडकं घालावं लागलं.

राहिल्या बातमा आपा. त्यांचं घर आळीच्या टोकाला. झुराकान मुद्दाम त्यांचा मीटर शेवटी ठेवायची आणि जीव मुठीत धरून जायची, कारण त्या म्हाताऱ्या बाईला नाही म्हणायची हिंमत तिच्यात नव्हती. शपथेनंतर ती पहिल्यांदा गेली तेव्हा फाटकाला आतून अडसर होता. ते फाटक कुणी कधी लागलेलं बघितलं नव्हतं. हिवाळ्यातही ते सताड असायचं, बर्फ आत यायचा आणि आपा तो लोटत बसायच्या. झुराकाननं हाक मारली. आतून ओ आली नाही. तिला वाटलं आपांना काही झालं, ती फाटक धडकायला लागली.

"मोडशील ते," आतून अगदी जवळून आवाज आला. म्हातारी फाटकाला टेकून पलीकडे बसली होती. "मीटर बाहेरच्या भिंतीवर काढून लावायला सांगितलाय. पुढच्या वेळेपासून तिथून बघ."

"आपा, दार तरी उघडा. थंडीत बसलाय तुम्ही."

"उघडणार नाही. तू समोर आलीस तर मी गप्प नाही राहायची. माझ्या हातून ते होणार नाही, झुराकान. ऐंशी वर्षांची सवय आहे. म्हणून लावून घेतलंय. तू जा."

झुराकाननं फाटकाच्या फळीला तळहात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि गेली. ती वळणापलीकडे गेल्यावर अडसर काढल्याचा आवाज तिला ऐकू आला. त्यानंतर दर महिन्याला हेच.

वसंतात, वाटा मोकळ्या झाल्यावर, शेरमात तिला बिश्केकला घेऊन गेला. तोच डॉक्टर, तोच तराजू. काटा सांगितलेल्या आकड्याच्याही जरा खालीच थांबला. डॉक्टरनं कागद परत परत बघितले. खूश झाला, आणि विचारायला लागला की केलंत काय. उपास? दिवसातून एकदा जेवलात? इथे बायका येतात, अशा उपासानं चार महिन्यांत काही होत नाही त्यांचं.

"उपासानं मी वाढले होते," झुराकान म्हणाली. "मग गावानं मला नान विचारणं सोडलं."

डॉक्टरचा लिहिता हात थांबला. नारीनचा पोरगा होता तो, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "सगळ्या गावानं?"

"सगळ्या."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे बघत राहिला.

मेलिस पलीकडच्या खोलीत होता. जिपारानं त्याला सांगितलं की एजे आलीय, वजन झालंय, परवा टेबलावर घेणार आहेत. तो ऐकून नुसता मान हलवत होता. आजारानं त्याच्यातलं रडूच आटवलं होतं. गावाला कळलं हे ऐकूनही तो रागावला नाही. झुराकान त्याच्या पायाशी बसली आणि हिवाळ्याचं सांगायला लागली. कालिमाचं सांगितलं, हुंदके देणाऱ्या सुनेचं सांगितलं. तो ऐकत होता. मग तिनं बातमा आपांचं सांगितलं.

"फाटक लावलं?" मेलिसनं विचारलं. "बातमा आपांनी?"

"आतून. आणि त्यालाच टेकून बसल्या."

मेलिस उठून बसला. लहानपणी, एजेचा हात सोडून तो त्या फाटकातून पहिल्यांदा एकटा आत गेला होता. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि इतक्या महिन्यांत जो माणूस स्वतःच्या मरणासाठी रडला नव्हता, तो त्या म्हातारीसाठी मोठ्यानं रडायला लागला. झुराकाननं त्याला जवळ ओढलं. तिचे हात आता त्याच्याभोवती पुरते जात होते.